पाण्याची वेळ

माझ्या नातीच्या फोनमध्ये एक निळी रेघ आहे. ती वर जाते, खाली येते, आणि तिच्यावर बोट टेकवलं की आज भरती किती वाजता, पाणी किती चढणार, वारा कुठून, उद्या काय, पुढच्या महिन्यात काय, सगळं समोर. मागच्या रविवारी मैत्रिणींबरोबर गळ घेऊन निघाली तेव्हा मला दाखवत म्हणाली, आजी, बघ, अर्ध्या मिनिटात कळतं. मी म्हटलं, छान आहे. आणि मग दिवसभर मी सुनेवर खेकसले, कुकरवर खेकसले, दारात आलेल्या इस्त्रीवाल्यावर खेकसले. सून म्हणाली, आई, झालंय तरी काय? आता काय सांगू तिला. या अर्ध्या मिनिटापायी आमच्या घरात एके काळी चार रविवार भांडण चाललं होतं, आणि त्या भांडणात दोन्ही बाजूंनी मार खाणारी मी होते. चौदा वर्षांची. तेव्हाचा राग अजून पोटात आहे, आणि तो बाहेर काढायला घरात कोणी उरलेलं नाही.

परळच्या चाळीत आमची एक खोली. दारातून शिरलं की डावीकडे मोरी, उजवीकडे आईचा स्टोव्ह, मधे आम्ही. भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर आणि तिच्याखाली एक कॅलेंडर, ज्यात फक्त तारखा. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी शोधून शोधून तसलं कॅलेंडर आणायचे. तिथी, नक्षत्र, मुहूर्त यांतलं एक अक्षर ज्यावर छापलंय ते आमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. एकदा आईच्या माहेरचं कोणी साखर बांधून दिलेला कागद पंचांगाचा निघाला, तर अण्णांनी साखर डब्यात ओतून कागद स्टोव्हवर जाळला आणि मगच चहा घेतला. अण्णा महापालिकेच्या एका कचेरीत कारकून होते. सकाळी नऊ सतराला घराबाहेर, संध्याकाळी सहा पन्नासला घरात. आवाज कधी चढवायचे नाहीत. पण एकदा नाही म्हणाले की त्या नाहीला दुसरी बाजू नसायची.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडाला गावाहून आजा आला. अण्णांचे वडील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, त्यातला डावा तर अगदी दुधाळ. सरकारी इस्पितळात नाव घातलं, तपासण्या झाल्या आणि तारीख मिळाली सहा आठवड्यांनंतरची. तोवर आजा आमच्याकडे. त्याच्या पिशवीत दोन धोतरं, एक घोंगडी आणि एक चपटा पत्र्याचा डबा. डब्यात गऱ्या, म्हणजे माशाचे गळ, शिशाचे तुकडे आणि नायलॉनची दोरी, लाकडाच्या ढलपीवर नीट गुंडाळलेली. आईनं विचारलं, हे कशाला आणलंत हो मामंजी? आजा म्हणाला, मुंबईला दर्या हाय ना?

आजा घाबरला होता, हे मला आता कळतं. तेव्हा मला तो फक्त हट्टी वाटायचा. आईनं बाजारातून आणलेला बांगडा तो नुसता हुंगून बाजूला सारायचा, म्हणायचा, ह्यो बर्फात मेलाय. आई बिचारी आमसूल जास्त घालून, लसूण ठेचून, तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या फुगवून वाढायची, आणि हा भाकरी नुसत्या सुकटाबरोबर खायचा. आईचं तोंड एवढंसं व्हायचं. मला संताप यायचा. मग एकदा दुपारी मी त्याच्या डोळ्यांत थेंब घालत असताना तो म्हणाला, "बाय, डाक्टर डोळं कापनार. राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं. त्याच्या आधी येक डाव मला पान्यावर बसव." इतकंच. आजा आयुष्यात कोणाकडे काही मागणाऱ्यांतला नव्हता, म्हणून ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. (उजवा डोळा पुढे बराच सुधारला. पण हे तेव्हा कोणाला माहीत होतं?)

अण्णांना सांगितलं तर ते लगेच हो म्हणाले. बापाचं मागणं ते मोडणार नव्हतेच. अडचण एवढीच की दोघांची पाण्याची वेळ काढायची रीत वेगळी, आणि दोघंही स्वतःच्या रीतीबाहेर एक पाऊल टाकायला तयार नाहीत. आजाची रीत सोपी होती. तिथीला पाऊणने गुणायचं. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन, सव्वादोनला भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहाला भरती. पुनव-अवसेला आणि पुढचे दोनतीन दिवस उधाण, पाण्याला जोर, मासा कपारीपाशी येतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी चढल्यासारखं करतं आणि उतरल्यासारखं करतं, त्यात गरी टाकणं म्हणजे बादलीत टाकणं. शाळेची पायरी न चढलेल्या आजाला पाऊणकी तोंडपाठ होती. पण त्यासाठी तिथी हवी. चंद्र त्याला दिसत नव्हता, आणि घरात तिथी नव्हती.

अण्णांची रीत म्हणजे पेपर. पेपरच्या आतल्या पानावर कोपऱ्यात भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या, पण फक्त त्याच दिवसाच्या. आमच्याकडे पेपर येत नसे, अण्णा वाचनालयात वाचायचे. आणि वाचनालय रविवारी उघडणार आठ वाजता. म्हणजे रविवारी सकाळी आठला जायचं, आज पाणी कधी आहे ते बघायचं, घरी यायचं आणि मग ठरवायचं. मोठा शहाणा बेत. आधीच्या दिवसावरून अंदाज बांधू, असं मी म्हटलं तर अण्णा म्हणाले, अंदाजावर चालायचे दिवस गेले, छापलेलं आहे ते बघायचं. एवढं मात्र केलं की रोज कचेरीतून येताना ते वाचनालयात डोकावायचे आणि मला वेळा सांगायचे, आणि मी त्या तारखेसह माझ्या रफ वहीत उतरून ठेवायची. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. कागद दिसला की उतरून ठेवायचं, ही त्यांची नोकरीची सवय.

पहिल्या रविवारी पेपरात भरती संध्याकाळी साडेसहाची निघाली. आजा म्हणाला, आज कंची तिथ? अण्णा म्हणाले, आज एकोणीस तारीख. तीन वाजता निघालो. दादरचा किनारा आम्हाला जवळ, शिवाजी पार्कच्या मागून सरळ पाण्यावर जाता येतं. पण तो चैत्यभूमीचा किनारा, तिथे आपण हात जोडायला जातो, तिथे गळ टाकायचा नाही, हे अण्णांचं म्हणणं, आणि त्यात आजाही त्यांच्या बाजूनं. जन्मात एकदा दोघांचं एकमत झालं ते यावर. म्हणून मग बस पकडून पार कफ परेडला, मच्छीमार नगरापलीकडच्या दगडांवर. आजाचा एक हात अण्णांच्या खांद्यावर, एक माझ्या. तिथं काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि एक कोळीण त्यांची उलटापालट करत बसली होती. आमच्याकडे बघून म्हणाली, कशाला आलाव? आज भांग हाय, आमच्या होड्या पण बसल्यात. आजानं माझा खांदा असा दाबला की कळ आली. अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. साडेसहापर्यंत बसलो. पाणी खरंच मेलेलं होतं, दोरी सरळ खाली, जराही ओढ नाही. परत येताना बसमध्ये आजा एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होता की अष्टमी होती, मी सांगत होतो, अष्टमी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा कचेरीत असताना आजानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, बाय, शेजारनीकडं तिथ इचारून ये. शेजारच्या काकूंच्या भिंतीवर मोठं कॅलेंडर होतं. मी गेले. काकू म्हणाल्या, थांब हं, बघून सांगते, आणि आत जाऊन, चष्मा लावून, तिथी सांगितली. वर हातावर एक अनारसा ठेवला. मग मी दर दोनतीन दिवसांनी जाऊ लागले. काकूंना माझं कौतुक वाटायचं. आजाला तिथी कळायची. अण्णांना काही कळायचं नाही. मला वाटायचं, मी किती हुशारीनं घर सांभाळतेय.

दुसरा रविवार पौर्णिमेचा निघाला. उधाण, भरती दुपारी बाराची, सगळं जमून आलेलं. तर आईनं पांढरी साडी काढून ठेवली. पौर्णिमेला विहारात जायचं, उपोसथ करायचा, शील पाळायचं, आणि तुम्ही चाललात जीव घ्यायला? निदान आजचा दिवस तरी नको, म्हणाली. अण्णांनी पांढरा सदरा घातला. आजाही गेला. विहारात वंदना चालू असताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, आत्ता पानी चढत असंल. माझा जीव नुसता मेटाकुटीला आला.

तिसऱ्या रविवारी पुन्हा भांग. अण्णा वाचनालयातून येऊन म्हणाले, चला, संध्याकाळची आहे. आजा भिंतीकडे तोंड करून झोपला आणि म्हणाला, मेलेल्या पान्यात गरी टाकायला मी यायचा नाय. अण्णा म्हणाले, पाणी मेलंय हे तुला इथं पडल्या पडल्या कसं कळलं? मला वाटलं आता आजा माझं नाव घेणार, पण त्यानं ते घेतलं नाही. त्या दिवशी दुपारभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि बारा बाय दहाच्या खोलीत दोन माणसं न बोलता बसली की तिसऱ्यानं जायचं कुठं? मी रफ वही काढून बसले. आणि तेव्हा मला दिसलं. अण्णांनी सांगितलेल्या वेळा एकाखाली एक लिहिलेल्या, आणि प्रत्येक वेळ आदल्या दिवसापेक्षा पन्नास मिनिटांनी पुढे. कधी पंचेचाळीस, कधी पंचावन्न, पण साधारण पन्नास. म्हणजे रोज पाऊण तास आणि वर थोडं. म्हणजे आजाची पाऊणकी. आणि शेजारी पाण्याच्या उंचीचे आकडे, तेही तसेच. पौर्णिमेला मोठे, मग उतरत उतरत अष्टमीला बारके. आजाचं उधाण आणि भांग अण्णांच्या पेपरात आकड्यांत छापून येत होतं.

मला इतका आनंद झाला की मी उडीच मारली. अण्णांपुढे वही धरली आणि म्हटलं, हे बघा, आजा म्हणतो तेच आहे. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. अण्णा म्हणाले, आजा म्हणतो ते आपल्या घरात नको. आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मग आजाकडे गेले, म्हटलं, आजा, पेपर तुझंच सांगतोय. तो म्हणाला, पेपरवाल्याला काय कळतंय पान्यातलं. मी वही आपटली. आईनं मला वर दोन शब्द सुनावले, की वह्या फुकट येत नाहीत. पुढे वर्गात फळ्यासमोर उभी राहून मी शेकडो पोरापोरींना गणित शिकवलं, कितीतरी मठ्ठ डोकी पाहिली, पण त्या दोघांइतकी नाही. उत्तर बरोबर असूनही ते कोणाकडून आलं यावरून ते चूक ठरवणारी माणसं बघितली की आजही माझं डोकं फिरतं.

चौथा रविवार अमावस्येचा. पेपरात भरती बाराची, आजाच्या तिथीनं पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे जवळपास तीच. पौर्णिमेसारखी आईची आडकाठी नाही. ऑपरेशनसाठी गुरुवारी भरती व्हायचं होतं, म्हणजे हा शेवटचाच रविवार. आईनं डबा दिला, कोळंबी सोलून पुडीत बांधली, आजानं दोरी दोनदा उलगडून पुन्हा गुंडाळली. नऊला निघालो. चर्चगेटच्या पुढे बस वळली तेव्हाच वारा लागला. दगडांपाशी पोचतो तो लाटा दगडांच्या डोक्यावरून येत होत्या आणि बंदरावर बावटा लागलेला, वादळाचा इशारा. होड्या वर ओढून बांधून ठेवल्या होत्या. तीच कोळीण म्हणाली, आज पानी बरोबर हाय पन वारा कुठं बरोबर हाय? दोन दिवसांत उतरंल, मंगळवारी-बुधवारी या. म्हातारबाला परत न्या. आजा हलेना. म्हणाला, बसू दे जरा. मग आम्ही तिघं कठड्यावर बसलो, तोंडावर तुषार येत होते, आणि आजा मान वर करून नुसता ऐकत होता. अण्णांच्या घड्याळात बाराला दोन मिनिटं असताना पाणी कठड्याच्या शेवटच्या पायरीला लागलं, थोडा वेळ तिथंच राहिलं आणि मागं सरकलं. मी ते बघितलं. डबा न उघडताच आम्ही घरी आलो.

चाळीचा जिना चढून वर येतोय तर काकू गॅलरीत केस वाळवत बसल्या होत्या. आमचे ओले अवतार बघून त्यांना वाईट वाटलं असणार, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्या अण्णांना म्हणाल्या, तुमची मुलगी मोठी गुणी हो, आजोबांसाठी तिथी विचारायला नेमानं येते. बरं वाटतं असं पाहिलं की. अण्णा हसले, हो म्हणाले. आत आले. आजाला खाटेवर बसवलं, त्याचं ओलं धोतर बदललं, स्वतःचा सदरा खुंटीला लावला. मी वाट बघत होते, आता ओरडतील, आता ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "तू आत जाऊन बघतेस कॅलेंडर?"

मी म्हटलं, नाही, काकू बघून सांगतात.

"आणि तू कुठं असतेस?"

मी म्हटलं, दारात.

किती वेळा गेलीस, असं त्यांनी विचारलं. मी मोजलं, आठनऊ वेळा. एकदाही आत बोलावलं का? मी आठवू लागले. अनारसा दिला होता, चकली दिली होती, एकदा सोनचाफ्याचं फूल दिलं होतं. सगळं हातावर, वरून, बोट न लागता. काकू वाईट नव्हत्या. आईच्या बाळंतपणात रात्रभर स्टोव्ह पेटवून पाणी तापवून देणाऱ्या काकू. त्या पाण्याची कळशीही त्यांनी दारातच ठेवली होती, आणि आमच्यातल्या कोणाला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. हेच तर चिडायला लावतं. मी आठ वेळा त्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि मला ते दिसलंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, नाही, आत नाही बोलावलं.

मग अण्णांनी सांगितलं, आजाच्या समोरच, खाली बघत. त्यांचं गाव खाडीपासून दीड कोसावर. खोताच्या शेतातून एखादा दिवस सुटका मिळाली तरच खाडीवर जायचं, ओहोटीला दगडांवरची कालवं, म्हणजे शिंपले, काढायची, गरी टाकायची, आणि मग चार दिवस घरात कालवण. पण दीड कोस चालत जायचं तर पाणी कधी आहे हे आधी कळायला हवं. ढगांच्या दिवसांत चंद्र दिसायचा नाही, आणि तिथी भटजींच्या पोथीत. म्हणून आजा पहाटे उठून भटजींच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, जाऊन उभा राहायचा. भटजींचं स्नान, पूजा, न्याहारी आटपली की ते ओटीवर येऊन सांगणार. लहानगे अण्णा बापाच्या धोतराला धरून उभे. एकदा भटजींनी मुद्दाम भलतीच तिथी सांगितली. आजा सगळ्या घराला घेऊन दीड कोस गेला तर खाडी तुडुंब भरलेली, कालवाचा एक दगड उघडा नाही. उपाशी परत आले. दुसऱ्या दिवशी ओटीवर चारचौघांत हसणं चालू होतं, आणि आजा पुढच्या वेळी पुन्हा तिथंच जाऊन उभा राहिला. जाणार कुठं? अण्णा म्हणाले, म्हणून या घरात तिथी नाही. आजानं आपला डबा चाचपून खाटेखाली सरकवला.

मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, भटजींचा, काकूंचा, अण्णांचा, की इतके दिवस हे पोटात ठेवून नुसतं नाही नाही करत बसले. आधी सांगितलं असतं तर मी गेले असते का त्या दारात? मी वही काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, कोणाला विचारायचं कामच नाही. आज बाराला पाणी पायरीला लागलं ते आपण बघितलं. उद्या बारा पन्नास, परवा एक चाळीस, बुधवारी अडीच. तिथी नको, पेपर नको. वारा दोन दिवसांत उतरतोय. आणि अमावस्येनंतरचा तिसरा दिवस, म्हणजे उधाणाचं पाणी. बुधवारी जायचं. अण्णांनी या वेळी वही बघितली. पान उलटून मागच्या तारखा बघितल्या, पेन्सिल घेऊन स्वतः चार बेरजा केल्या. मग म्हणाले, बुधवारी कचेरी आहे. आणि स्वतःच उठून रजेचा अर्ज लिहायला बसले. कारण काय लिहिलंत, मी विचारलं. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. वडिलांना समुद्रावर न्यावयाचे आहे, एवढंच लिहिलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीतली त्यांची ही पहिली किरकोळ रजा.

बुधवारी मला शाळा बुडवू द्यायला आई तयार नव्हती. अण्णा म्हणाले, हिच्याशिवाय वेळ कोण सांगणार. अकराला दगडांवर पोचलो. वारा पडला होता, बावटा उतरला होता, होड्या पहाटेच बाहेर गेल्या होत्या. पाणी खाली होतं आणि ओळखू येईल इतक्या जोरात चढत होतं. अण्णांनी आजाला एका सपाट, उंच दगडावर घोंगडी घालून बसवलं, त्याच्या कमरेला दोरी बांधली आणि तिच्यात एक हात अडकवून स्वतः मागे बसले. मी कोळंबी लावून द्यायची. आजानं दोरी बोटावर घेतली आणि त्या क्षणापासून आमच्या घरात सहा आठवडे कुरकुरणारा म्हातारा जो नाहीसा झाला तो झालाच. दुधाळ डोळे मिटून घेतले होते त्यानं. दोन वेळा आमिष खाऊन मासा पळाला, तर तो हसला. एकच्या सुमारास त्यानं मनगटाला झटका दिला आणि वीतभर लांब तांबोशी वर आली, तडफडत. त्यानं ती पकडली, पाठीवरून, परांवरून अंगठा फिरवला आणि मला नाव सांगितलं. मग आणखी एक. अण्णा इतके मोठ्यानं हसत होते की मी वळून बघितलं. त्यांचे दात मला एवढे कधी दिसले नव्हते.

अडीचला पाच मिनिटं कमी असताना पाणी आमच्या दगडाखाली येऊन थबकलं. अण्णांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मी फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू. आजाला दोरीतूनच कळलं होतं, ओढ थांबली होती. तो म्हणाला, पानी भरलं. मग त्यानं विचारलं की आज शेजारनीनं काय तिथ सांगितली.

मी म्हटलं, विचारलीच नाही. रविवारी आपण कठड्यावर बसलो होतो ना, तेव्हा बाराला पाणी भरलं होतं. त्यात रोजची पन्नास पन्नास मिनिटं मिळवली, तीन दिवसांची. बास. तो म्हणाला, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं, जरा तोऱ्यातच. पंधरा दिवस मोजत गेलं की आजा, पुन्हा तीच वेळ येते, म्हणजे एकदा पाणी बघून ठेवलं की नुसते दिवस मोजायचे, मग कितीही लांब राहा, कोणाला काही विचारायला लागत नाही. त्यानं दोरी गुडघ्याखाली दाबली आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागला, सोमवार, मंगळवार, बुधवार. मग पुढे, गुरुवार, शुक्रवार, पेरं संपली की दुसरा हात. ओठ हलत होते. बराच वेळ मोजत होता. मी शाबासकीची वाट बघत उभी होते.

"दिस तर मला बी मोजता येत व्हते," आजा म्हणाला. "मंग मी कशाला हुबा ऱ्हायलो गो तिथं?"

तो मला विचारत होता. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान फिरवली होती, पण आजाच्या कमरेच्या दोरीतला हात काढला नव्हता. पाणी उतरायला लागलं तरी आम्ही कोणी उठलो नाही.